कासारणीने विकलेला पाळणा

फार पूर्वी ओढ्याकाठच्या एका गावात एक सुतार राहत होता. हात सोन्याचे, पण मन जरा घसरडं. एकदा लाकूड तासताना त्याच्या पायाला मोठी जखम झाली. नुकताच घडवलेला सागवानी पाळणा घरात पडून राहिला.

शेजारी एक कासारीण होती. बांगड्या भरायला ती गावोगाव हिंडे, त्यामुळे कोणाच्या घरी पाळणा लागणार हे तिला आधीच ठाऊक असे. सुतार म्हणाला, "मावशी, माझ्यासाठी एवढं गिऱ्हाईक बघ. भाव तूच ठरव. तुला काय देऊ?"

"शेजाऱ्याकडून काय घ्यायचं रे? जातेच आहे त्या वाटेनं."

पलीकडच्या गावात एका विणकराच्या लेकीला बऱ्याच वर्षांनी मूल झालं होतं. विणकराला भाव पटला. "बारशाला पाळणा पोचेल," असा शब्द कासारणीने सुताराच्या वतीने दिला. त्या भरवशावर विणकराने दुसरा पाळणा पाहिलाच नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी एक व्यापारी सुताराच्या अंगणात आला आणि त्याच पाळण्याला दुप्पट भाव बोलला. झालं! सुताराची नियत फिरली. त्याने कासारणीला आत बोलावलं.

"मावशी, विणकराला नाही म्हणून कळव."

"अरे, शब्द दिलाय!"

"तू दिलास, मी कुठे दिला? तुला मी साधी सुपारीसुद्धा दिलेली नाही. फुकटच्या बोलण्यानं मी कसा बांधला जाईन?"

कासारीण शांतपणे म्हणाली, "मला पाठवलं कोणी?"

"मी."

"भाव ठरवायला कोणी सांगितलं?"

"मीच की."

"आणि त्यात मी माझं काही ठेवलं का?"

"नाही."

"मग लेका, तो शब्द अख्खा तुझाच. मी नुसता पोचवला. मोडायचा असेल, तर उद्या भरल्या बारशात तूच जाऊन मोड."

 सुताराला लाज वाटली, आणि दुप्पट पैशांची हळहळही वाटली; खोटं कशाला सांगा? शेवटी तो लंगडत बाहेर आला.

"शेटजी, पाळणा विकला गेलाय."

"कोणी विकला?"

"मीच. मावशीच्या तोंडून."

व्यापारी हसला. "माझ्या सुनेला अजून अवकाश आहे. नवा घडव. पण सौदा मी मावशीशीच करणार. तिनं हो म्हटलं की तुझं हो आलंच."

दुसऱ्या दिवशी विणकराच्या घरी पाळणा हलला. बायकांनी पाळणा म्हटला, बाळाच्या कानात नाव सांगितलं. गर्दीत सुतार आणि कासारीण शेजारी बसून घुगऱ्या खात होते. सुताराला त्या फार गोड लागल्या.

तात्पर्य: ज्याला आपल्या वतीने बोलायला पाठवलं, त्याचा शब्द तो आपलाच शब्द, मग त्याला मोबदला दिलेला असो वा नसो.