कोंडलेले देव

पूर्णेच्या काठी सावळगव्हाण नावाचं गाव. राघोगीर महाराज तिथे चातुर्मासापुरते म्हणून उतरले आणि पुढे नऊ वर्षं राहिले. मारुतीच्या देवळामागची एक पडवी, तोच त्यांचा मठ. कुणी अंगारा मागितला तर देत, कुणी गाऱ्हाणं घातलं तर ऐकून घेत, आणि उपदेश करायची वेळ आली की "जेवलास का?" म्हणून विषयच बदलून टाकत. असे महाराज!

या मठात रोज सकाळी झाडलोट करायला ठकूबाई येई. पंचक्रोशीतली नावाजलेली सुईण ती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मलेली. पण चार वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक किस्नी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आईच्याच हातांत बाळासकट गेली. परक्यांच्या लेकी सुखरूप सोडवणाऱ्या बाईला स्वतःची लेक सोडवता आली नाही! त्या दिवसापासून ठकूबाईने बाळंतिणीला हात लावला नाही. कुणी बोलवायला आलं तर "शेजारच्या गावची सुईण आना" म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

झाडून झालं की ती महाराजांसमोर बसे आणि एकच गोष्ट विचारी, "महाराज, माही किस्नी कशापायी गेली?" महाराज तिच्याकडे बघत राहत, उत्तर देत नसत. ती पदराने डोळे पुसून उठे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच विचारी. लेकीची ओढ काही केल्या कमी होत नव्हती. भाकरी थापताना अजून तिच्या हातून एक जास्तीची थापली जाई, आणि मग ती भाकरी हातात घेऊन ती चुलीपुढे तशीच बसून राही.

गावचे वैद्य विसाजीपंत हे सगळं बघत. पंत काही वाईट माणूस नव्हते बरं का! हाताला गुण होता, गोरगरिबाच्या दारी स्वतः जात. पण जीभ भलती तिखट, आणि देवाचं नाव निघालं की तिला जास्तच धार चढे. एक दिवस मठावरून जाताना चार माणसांसमोर ते थांबले.

"काय ठकू, मिळालं का उत्तर? नसेल तर मी देतो. तुझ्या देवाला किस्नीला वाचवता येत होतं आणि त्याने वाचवलं नाही, तर तो निर्दय. वाचवायचं होतं आणि जमलं नाही, तर तो दुबळा. आता सांग, या दोघांतल्या कुणासाठी केर काढतेस तू?"

माणसं हसली. ठकूबाईच्या हातातला झाडू तसाच राहिला. खरं सांगायचं तर तिचा जीव त्याच प्रश्नाने पोखरला होता, तिला तो इतका नेटका मांडता येत नव्हता एवढंच.

"मला न्हाई समजत, पंत," ती म्हणाली. "पर हितं आले की रडता येतं. घरी तेबी येत न्हाई."

महाराज रागावले नाहीत. उलट म्हणाले, "पंत विचारतात ते काही खोटं नाही. पण एवढं नेमकं विचारायला माणूस फार दुखावलेला असावा लागतो." पंतांचा चेहरा एकदम पडला. ते तरातरा निघून गेले.

पुढे महिन्याभरातच पंतांची मुलगी वेणू बाळंतपणाला आली. आईविना वाढवलेली, पंतांचा सगळा जीव तिच्यात. आदल्या दिवसापासून कळा सुरू झाल्या, पण मूल आडवं. शेजारच्या गावची सुईण सकाळीच हात टेकून निघून गेली. पंतांचे काढे, चाटणं, सगळं संपलं. दुपारी डोईला पगडी नाही, पायांत वहाण नाही, असे पंत मठात येऊन उभे राहिले. ठकूबाई त्या दिवशी अजून तिथेच बसली होती.

"ठकू, चल."

"पंत, माहे हात मेले हो. माह्या हातांत तुमचीबी लेक गेली तर?"

"वेणूला आई नाही गं," एवढंच पंत म्हणाले.

ठकूबाईने महाराजांकडे पाहिलं. महाराज घोंगडी झटकून उठलेच होते. "चल माय," ते म्हणाले. "मी ओसरीवर बसतो."

वेणू पांढरीफटक पडली होती. ठकूबाईने हात धुतले, तिचं पोट चाचपलं. किस्नीचं झालं होतं अगदी तसंच! तरी तिने धीर धरला आणि शेजारणींना हुकूम सोडला, "घर उघडा!" अडलेल्या बाळंतिणीच्या घरात काही बांधलेलं, काही कोंडलेलं ठेवायचं नाही, अशी त्या भागातली जुनी रीत. बायकांनी वेणूची वेणी सोडली, गोठ्यातली गुरं सोडली, कोठीचं कुलूप काढलं, पंतांच्या औषधांच्या पेट्या उघडल्या, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरासुद्धा सोडला. पंतांचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण लेकीसाठी तेही गाठी सोडत धावत होते.

तास गेला. मूल तसूभर हललं नाही. ठकूबाई घामाघूम होऊन ओसरीवर आली.

"पंत, घरात अजून कायतरी बंद हाय."

"काही नाही. सगळं उघडलं," पंत म्हणाले, पण नजर जमिनीवर.

महाराज शांतपणे म्हणाले, "विसाजी, ज्यांना कोंडलंस त्यांना सोड आता."

पंतांनी चमकून वर पाहिलं. ही गोष्ट जगात त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती! अकरा वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत त्यांची बायको उमाबाई गेली. सात दिवस पंत अन्न न घेता देवापुढे बसले होते. ती गेली त्या संध्याकाळी त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे देव उचलले, सागवानी पेटीत टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली पूर्णेच्या डोहात फेकून दिली. पेटी माळ्यावर, जुन्या गोधड्यांखाली होती.

पेटी खाली आणली. पंतांनी पहार घातली, दगड घातले, पण कुलूप काही तुटेना. आतून वेणूची किंकाळी आली आणि पंत लहान मुलासारखे रडू लागले. "महाराज, तुम्ही हात लावा!"

"मी नाही," महाराज म्हणाले. "ठकूबाई, तू लाव."

"म्या? ह्या हातांनी?"

"त्याच हातांनी, माय."

ठकूबाईने कुलपावर बोटं ठेवली. कट्कन आवाज झाला आणि कुलूप तिच्या तळहातावर आलं. झाकण उघडताच ताज्या चंदनाचा वास ओसरीभर पसरला. आतला बाळकृष्ण जसाच्या तसा होता आणि त्याच्या कपाळावर गंध होतं, ओलं! अकरा वर्षांनी ओलं!

पंतांनी मूर्ती उचलली. "हे... हे उमेने लावलंय," ते पुटपुटले. "तिचं बोट जात्यात चेचलं होतं. तिचं गंध असं डावीकडे कलायचं. मी रोज चिडवायचो तिला."

तेवढ्यात आतून हाक आली, "मावशी!" ठकूबाई धावली. मूल फिरलं होतं. घटकाभरात नवजात मुलीचा टाहो साऱ्या घराने ऐकला. ते ऊन, ओलं बाळ दोन्ही हातांत धरून ठकूबाई हमसून हमसून रडली. वेणू वाचली होती, बाळ वाचलं होतं, आणि तिला त्या क्षणी आपली किस्नी हवी होती, दुसरं काही नको होतं.

बाळ-बाळंतिणीचं सगळं उरकून ती बाहेर आली तेव्हा अंगणात गाव जमलं होतं आणि पंत मूर्ती छातीशी धरून महाराजांपुढे बसले होते.

"महाराज, तो इथेच होता, तर उमा का गेली?"

महाराजांचे डोळे भरून आले. "ठाऊक नाही रे. ठाऊक आहे असं म्हणालो तर तुझ्या दुःखाशी खोटं बोलल्यासारखं होईल. तू त्याला अंधारात टाकलंस आणि तो अकरा वर्षं तुझ्या घरातून हलला नाही, तिचं गंध सांभाळत बसला. मला एवढंच दिसतं."

ठकूबाई दाराला टेकून ऐकत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "पंतांना बायकोचं बोट दिसलं. मला माही किस्नी कदी दिसंल, महाराज?"

पंत महाराजांच्या पायांवर वाकू लागले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले आणि दाराकडे पाहिलं. पंत उठले, ठकूबाईसमोर गेले.

"ठकूबाई," आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला असं हाकारलं, "तुमच्या प्रश्नाला मी हसलो. तो माझाच प्रश्न होता, पण मी तो कुलपात घातला आणि तुम्ही रोज उघड्यावर घेऊन बसलात. उद्यापासून मीही मठात येईन. दोघं मिळून विचारू त्याला."

आणि सगळ्या गावादेखत विसाजीपंतांनी त्या सुईणीच्या पायांवर डोकं ठेवलं.