ठकूआक्काची फळी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण सोनथळीतला प्रत्येक म्हातारा वेगळा आकडा सांगेल आणि मग त्यांची भांडणं तुम्हालाच सोडवावी लागतील. पाटाला तेव्हा दगड लागले नव्हते, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे. नदीवर मातीचा बांध होता, बांधातून पाट निघायचा आणि पाटाचं पाणी एकामागून एक अशा एकवीस मळ्यांतून फिरून शेवटी ओढ्याला मिळायचं. यातला पहिला तो मुखाचा मळा.

पाणी आधी मुखाच्या मळ्यात शिरायचं, म्हणून तिथे जे तण वाढेल त्याचं बी खालच्या वीस मळ्यांत जायचं. शिवाय नवरात्रात गावदेवी जाखाईच्या घटाला जी माती लागते, तीही याच मळ्यातून नेत. तेव्हा हा मळा ज्याच्या हाती, त्याच्यावर साऱ्या गावाची नजर असायची.

मळा होता ठकूआक्काच्या हाती. वांगी, गवार, मेथी आणि कडेनं शेवंती. असं म्हणतात, की तिचं खुरपं ज्या वाफ्यातून फिरलं तिथे वर्षभर तण डोकं वर काढत नसे. असंही म्हणतात, की ती बांधावरून चालत निघाली की हरळी आपण होऊन बाजूला सरायची. हे मला जरा जास्त वाटतं, पण सांगणारे शपथेवर सांगतात. खरं एवढं, की तिनं आपलं खुरपं कधी कुणाच्या हातात दिलं नाही. माणसं वरवर खुडतात, मुळाशी जात नाहीत, असं तिचं म्हणणं होतं आणि ते ती तोंडावर सांगायची.

हा मळा तिला कसा मिळाला तेही ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आधी तो सावळाबाकडे होता. सावळाबा म्हातारा झाला, डोळ्यांनी अधू झाला, आणि एका नवरात्रात देवीच्या घटात गव्हाच्या अंकुरांमध्ये लव्हाळ्याची तिधारी काडी उगवली. गाव घाबरलं. देवळापुढे सगळे जमले. सावळाबा हात जोडून म्हणाला, "मला दिसला न्हाई, बाबांनो." तेव्हा कडेवर पोर घेऊन उभी असलेली तरणी ठकू सगळ्यांदेखत बोलली, "ज्याला दिसत न्हाई त्यानं मुखाचा मळा धरूने."

तिच्याच तोंडून नियम निघाला. दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला पाटकऱ्यानं, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणाऱ्यानं, मुखाचा मळा बघायचा, आणि एक जरी लव्हाळा दिसला तरी मळा दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मुखाचा मळा ठकूच्या हाती आला आणि सावळाबाला शेवटचा, एकविसावा मळा मिळाला, जिथे वरच्या विसांचं भागल्यावर उरलंसुरलं पाणी जायचं. तो तिथेच राबत राबत मेला. त्याची लेक बायजा नवऱ्यामागे माहेरी आली आणि तोच मळा करत राहिली. ठकूआक्काशी ती एक शब्द बोलत नसे.

वर्षं गेली. ठकूआक्काचे केस पिकले आणि गुडघे धरले. उकिडवं बसून भांगलणं, म्हणजे खुरप्यानं तण काढणं, होईना. तिनं हे कुणाला सांगितलं नाही, मुलाला तर नाहीच. आंब्याच्या लाकडाची एक ठेंगणी फळी करवून घेतली आणि तिच्यावर बसून ती काम करायला लागली. लोकांना सांगितलं, लुगडं मळतं म्हणून फळी घेतली.

मग एका श्रावणात ती तापानं आठ दिवस अंथरुणावर पडली. तिचा मुलगा शिदू गरीब स्वभावाचा. आईला बरं वाटावं म्हणून त्यानं काय करावं? बैल जुंपले आणि मुखाच्या मळ्याचा रिकामा निम्मा भाग नांगरून काढला, तणासकट! आई उठेल तेव्हा काळीभोर जमीन बघून खूश होईल, असं त्याला वाटलं. बिचाऱ्याचं चुकलं ते इथेच.

लव्हाळा वरून दिसायला साधं गवत. पण जमिनीखाली त्याला एक दोरा असतो, आणि दोऱ्याला काळ्या गाठी. ओढलं की दोरा तुटतो आणि गाठी खाली राहतात. नांगर फिरला म्हणजे तर विचारूच नका. एकेका दोऱ्याचे दहा तुकडे झाले, मधला आडबांध फुटून ते उरलेल्या मळ्यातही वाहत गेले आणि प्रत्येक तुकडा रुजला. ठकूआक्का काठी टेकत मळ्यात आली तो नारळी पौर्णिमेचा दिवस होता. सगळा मळा हिरव्या तिधारी काड्यांनी भरला होता.

शिदू म्हणाला, "आये, म्या तुझ्यासाठीच केलं."

ती त्याला रागावली नाही. "अमुशाला किती दीस हायत?" एवढंच तिनं विचारलं.

"पंचेचाळीस."

तिनं मळ्यावर नजर फिरवली. फळीवर बसल्या जागेवरून दोन्ही हात पोचतील तेवढी जमीन, तिला ती बसकण म्हणायची. मळ्यात अशा एकशे ऐंशी बसकणी होत्या. दिवसाला चार झाल्या तरच अमावास्या गाठणार होती, आणि एकही दिवस चुकवून चालणार नव्हतं. शिदू खुरपं मागायला लागला तर तिनं त्याला गोठ्यात पिटाळलं.

दिवस उगवला की ती फळीवर बसायची. हातभर खणायची, बोटांनी माती चाचपायची, दोरा सापडला की त्याच्या मागे मागे जाऊन गाठ काढायची आणि ओच्यात टाकायची. बसकण झाली की फळी सरकवायची आणि फळीखालची जागाही खणून घ्यायची. उठताना काठी, बांध, शेवग्याचं खोड, जे हाताला लागेल ते धरायची. असं म्हणतात, की तिच्या गुडघ्यांचा आवाज बांधापर्यंत ऐकू यायचा.

आणि बांधावर बायजा उभी असायची. रोज सकाळी ती पाटाच्या कडेनं यायची, हाताची घडी घालून बघत राहायची आणि न बोलता निघून जायची. गावात कुजबुज सुरू झाली. बापाचा सूड घ्यायला टपली आहे म्हणे, राहिलेला लव्हाळा मोजते म्हणे. ठकूआक्का मान वर करायची नाही, पण बायजाची सावली वाफ्यावर पडली की चाचपलेली माती ती पुन्हा चाचपायची. तीसएक वर्षांपूर्वी देवळापुढे आपण काय बोललो, ते तिला आता रोज आठवायला लागलं होतं.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. बारा बसकणी बुडाल्या. पाऊस उघडला तेव्हा साफ केलेल्या वाफ्यांतही कोंब दिसले, ते तिनं परत जाऊन काढले. मग दिवसाला पाच, कधी सहा. जेवायला उठणं तिनं सोडून दिलं. शिदू भाकरी आणून बांधावर ठेवायचा आणि डोळे पुसत परत जायचा.

अमावास्येला सकाळी एकच बसकण उरली होती, मळ्याच्या तोंडाशी, पाट आत शिरतो तिथे. ती संपवून तिनं कपाळ पुसलं तोवर गाव बांधावर जमलं होतं. गेनू पाटकरी उतरला आणि वाफ्यावाफ्यातून फिरू लागला. गेनूनं वांग्याची पानं उचलून पाहिलं, शेवंतीची ताटं वाकवून पाहिलं. कुठे म्हणून काडी नव्हती. तो वळला आणि मळा साफ आहे असं सांगायला त्यानं हात वर केला.

ठकूआक्का मात्र फळीवर तशीच बसून होती. उठायला तिनं तीनदा जोर केला होता आणि तिन्ही वेळा गुडघे उठले नव्हते. म्हणजे फळीखालची जागा खणायची राहिली होती. तिथे काय आहे ते तिला माहीत नव्हतं. गप्प राहिली असती तर मळा तिचाच होता. म्हाताऱ्या बाईला बसल्या जागेवरून उठवून खाली कोण बघणार? पण याच मळ्यातली माती उद्या घटात जायची होती.

"गेनू, थांब," ती म्हणाली. "माझ्या बुडाखालचं बघायचं ऱ्हायलंय. मला उठता येत न्हाई. उठवा."

गेनू चपापला. "ऱ्हाऊ द्या आक्का. झालं की समदं."

"उठवा म्हनते न्हवं!"

कुणी पुढे होईना. मग बांधावरून बायजा उतरली. लोक बाजूला झाले. तिनं ठकूआक्काच्या काखेत हात घातले, तिला उचलून आपल्या अंगाशी धरलं आणि पायानं फळी सरकवली.

खाली लव्हाळा होता. एकच काडी, फळीखाली चेपलेली, पण तिधारी. गेनूची मान खाली गेली.

ठकूआक्काला शेवग्याला टेकवून बायजा उकिडवी बसली आणि हात पुढे केला. "खुरपं दे."

ठकूआक्कानं तिच्याकडे पाहिलं, आणि खुरपं दिलं.

सावळाबाची लेक ती, मुळाशी कसं जायचं ते तिला शिकवावं लागलं नाही. तिनं दोरा उघडा केला आणि हलक्या हातानं ओढला. गाठ आली, पण दोरा तुटला नाही. दुसरी आली, तिसरी आली. बायजा ओढत मागे सरकली, तशी गेनूनं टोक धरलं, मग शिदूनं, मग बाकीच्यांनी. सगळे श्वास धरून ओढत होते, कारण तुटला तर जमिनीतल्या गाठी पुन्हा रुजणार हे लहान पोरालाही माहीत होतं. असं म्हणतात, की तो दोरा मुखाच्या मळ्यातून निघून पाटाच्या काठाकाठानं दुसऱ्या मळ्यात गेला, तिथून तिसऱ्यात, आणि एकवीस मळ्यांखालून उसवत गेला. शिदूनं आईला पाठुंगळी घेतलं आणि तोही दोऱ्यामागे चालू लागला. दिवस कलायला आला तेव्हा शेवटची गाठ वर आली. ती होती बायजाच्या मळ्यात, बांधाच्या सावलीत, मुखाच्या मळ्यातून आणलेल्या ज्या दगडावर सावळाबा म्हातारपणी बसून भांगलायचा त्याच्या बरोबर खाली.

ठकूआक्का शिदूच्या पाठीवरून उतरली आणि त्या दगडापाशी मातीतच बसली. ती रडत होती.

"त्येला दिसला कसा असता ग, बायजा? त्येच्या बुडाखाली हुता," ती म्हणाली. "म्या नियम काढायच्या आधी नुसतं म्हनायला पायजे हुतं, बाबा, जरा उठा."

बायजा तिच्याशेजारी मातीत बसली. मग तिनं ठकूआक्काचा हात धरला. गेनूनं चाचरत नियमाची आठवण केली, कारण लव्हाळा सगळ्यांनी पाहिला होता. ठकूआक्का म्हणाली, मळा बायजाला द्या. "घेते," बायजा म्हणाली. "पन फळी तिथंच ऱ्हानार, आनि फळीवर तू. तू बसल्या जागी दोरा हुडकायचा, उठवायला मी हाय."

त्यानंतर दोघी किती वर्षं तो मळा करत होत्या, यावरही म्हाताऱ्यांत वाद आहेत. पण त्या वर्षापासून घटात गव्हाशिवाय काही उगवलं नाही, असं म्हणतात.

फळी कधीच कुजली. तिच्या जागी आता तशीच ठेंगणी शिळा आहे, आणि तिच्यावर लोक फुलं न वाहता मुळासकट उपटलेला एक लव्हाळा ठेवतात. सर्वपित्रीला सगळ्या मळ्यांत म्हाताऱ्या माणसांना मानानं फळ्या देतात. ती हात पोचेल तेवढं भांगलतात. मग दुसऱ्या घरचं कुणीतरी येऊन म्हणतं, "जरा उठा," त्यांना हात देऊन उठवतं आणि फळीखालची जागा खणून काढतं. घटाची माती तिथलीच नेतात. आता लव्हाळा सापडला म्हणून कुणाचा मळा जात नाही.

गेल्या वर्षी पहिल्यांदा मला फळी दिली. मला राग आला. मी काही एवढा म्हातारा झालेलो नाही, असं मी चारचौघांत म्हणालो, तरी बसवलंच. बसल्या जागी मी सगळं लख्ख केलं आणि ऐटीत हात झटकले. तेवढ्यात शेजारची सून आली आणि म्हणाली, "मामा, जरा उठा." तिच्या खांद्याला धरून मी उठलो आणि खाली वाकून पाहिलं. लव्हाळा होता.