मातीचं हरीण

एका राज्यात शिकारीआधी जनावराला विचारायची रीत होती. शिकाऱ्याने रानाच्या कडेला उभं राहायचं आणि हाक देऊन विचारायचं, "येता का कोणी?" एखादं थकलेलं जनावर आपणहून पुढे आलं तर शिकार, नाही आलं तर मुकाट्याने घरी जाऊन भाजी-भाकरी. पण राजेलोकांना ताटकळायची सवय कुठली? मणिध्वज राजाच्या पणजोबांनी राजवाड्यातच मातीचं हरीण बसवलं. राजाने त्याला विचारायचं, आणि पडद्याआडून राजपुरोहितांनी म्हणायचं, "न्यावं, महाराज." रीतही पाळली जाई आणि जेवणही वेळेवर होई.

एकदा मणिध्वजाच्या मनात आलं, राजहंसांच्या कातड्याचा पिसांसकट अंगरखा करावा. हरणाला विचारलं, होकार आला. राजा तळ्यावर गेला. हंसांच्या पंखांची पिसं गळून नवी फुटायची होती, एकालाही उडता येईना. मग काय! अंगरखा शिवून झाला. राणी हेमकळेने स्वतःच्या हाताने तो नवऱ्याला चढवला आणि कौतुकाने मागेपुढे फिरून पाहिला.

तेवढ्यात दरबारात एक म्हातारा हंस चालत आला. तळ्यावरचा तो एकटाच उरला होता.

"राजा, कोणाला विचारलंस?"

"रीतीप्रमाणे हरणाला."

"मग त्याच्यासारखाच हो."

राजाच्या पायाची बोटं जागच्या जागी मातीची झाली. राजवैद्यांनी टिचकी मारून पाहिली आणि माती उत्तम आहे एवढंच सांगितलं. हेमकळेने हंसाचे पाय धरले.

"उःशाप द्यावा."

"तू जा. मेंढीला लोकर माग, म्हशीला दूध माग, हरिणीला तिचं कातडं माग. तिघींना खरं विचारलंस तर शाप सुटेल. माती ओठांवर चढली की मात्र उपाय नाही."

हंस निघून गेला. प्रधानजी हळूच म्हणाले, "राणीसाहेब, धनुष्यबाण असू द्यावा बरोबर." राणीने तो घेतला.

डोंगरावर मेंढी भेटली. राणी म्हणाली, "मेंढीबाई, लोकर द्याल का?"

"देईन. पण थंडी सरू दे."

राणी थांबली. तिथेच गुहेत राहिली, कंदमुळं खाल्ली, हात चोळत बसली. माती गुडघ्यांच्या वर गेल्याचा निरोप आला तेव्हा रडली, पण थांबली. ऊन तापू लागलं तशी मेंढी स्वतः येऊन पुढ्यात बसली.

नदीकाठी म्हैस भेटली. "म्हशीबाई, दूध द्याल का?"

"रेडकू पिऊन उरेल ते तुझं."

रेडकू महा खादाड. रोज पोटभर पिऊन वर राणीकडे बघत ओठ चाटी. असं करता करता एका सकाळी ते अर्ध्यावरच झोपलं आणि राणीच्या लोट्यात तळाशी थोडं दूध पडलं. तोवर राजा छातीपर्यंत मातीचा झाला होता.

रानात हरिणी भेटली. पाठीशी पाडस होतं.

"हरिणीबाई, माझ्या धन्याच्या जिवासाठी तुमचं कातडं द्याल का?"

"नाही," हरिणी म्हणाली.

राणीने पुन्हा विचारलं नाही. खांद्यावर धनुष्य होतं, हरिणी दहा पावलांवर होती आणि पळतही नव्हती. राणीला नवऱ्याचा चेहरा आठवला, त्याचं हसणं आठवलं, गळ्याकडे चढत जाणारी माती डोळ्यांपुढे आली. तिने बाण काढला, दोरीला लावला. पाडसाने आईच्या पोटाखाली तोंड खुपसलं.

राणीने बाण मोडला. धनुष्य खाली ठेवलं. "ऐकलं," एवढंच म्हणाली आणि आपण विधवा झालो असं समजून ऊर फुटेस्तोवर रडत घराकडे चालू लागली.

राजवाड्याच्या पायरीवर मणिध्वज उभा होता. हाडामांसाचा, अंगाला मातीची धूळ लागलेला. राणीला आधी खरंच वाटेना.

"हरिणी काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"नाही म्हणाली."

"आणि तू?"

"परत आले."

राजाने मातीचं हरीण खांद्यावर घेतलं, अंगरखा हातावर घेतला आणि राणीसह तळ्यावर गेला. हरीण पाण्यात विरघळलं. अंगरखा त्याने म्हाताऱ्या हंसापुढे ठेवला. त्यातलं एकही पीस पुन्हा उडालं नाही.

"मला क्षमा करशील का?" राजाने विचारलं.

"नाही," हंस म्हणाला.

राजाने मान लववली आणि तो मागे वळला. पुढे त्या राज्यात राजेलोकही पुन्हा रानाच्या कडेला उभं राहून विचारू लागले. बहुतेक दिवशी कोणी येत नसे. राजवाड्यात तेव्हा भाजी-भाकरी होई आणि राजा-राणी एका ताटात जेवत.