राजपट्टा की गावपट्टा?

साठी उलटलेल्या प्रत्येक माणसाचं औषधपाणी यापुढे राजा करणार, अशी दवंडी सांबरवाडीत पिटली गेली आणि गावात आनंदाऐवजी भांडणंच सुरू झाली!

कारण औषधपाण्याचे पट्टे, म्हणजे करार, होते दोन, आणि गावाने मिळून घ्यायचा होता एकच. राजपट्टा घेतला, तर राजधानीतले वीस नामांकित वैद्य, मोत्याचं भस्म, केशराचं दूध आणि झोपायला परांची गादी. गावपट्टा घेतला, तर आपला गावचाच वैद्य. शिवाय निम्मा झाडपाला रानातून आपला आपण आणून द्यायचा. दसऱ्याच्या आत काय ते ठरवायचं. एकदा अंगठा उठवला, की वर्षभर बदल नाही!

"ह्यात इचार कसला करायचा?" पाटील म्हणाले. "वीस वैद्य मोठे का एक?"

म्हातारे माना डोलावू लागले. तेवढ्यात शेळ्या राखणाऱ्या म्हाकूची लेक हौसा उठून उभी राहिली.

"पाटील, गेल्या श्रावणात माझ्या बाचा दमा उसळला, तवा आपला गोविंदवैद्य किती येळात आला?"

"चूल पेटायच्या आत आला की!" म्हाकूनेच सांगितलं.

"आन् राजधानीला जायाला किती लागतं?"

"दोन घाट, मधे नदी. चार दिस धर."

"मग चार दिस श्वास धरून बसशील का रं बा?"

गाव खो खो हसलं. मग एकेकाचं हसू थांबलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निमूटपणे गावपट्ट्यावर अंगठे उठवले.

ही बातमी राजा धैर्यशीलाच्या कानावर गेली आणि तो सिंहासनावरून ताडकन उठला. "तीनशे गावांनी राजपट्टा घेतला, आणि एक वाडी माझं केशराचं दूध नाकारते? कोण ती पोरगी? आणा तिला!"

हौसा आली. सोबत म्हाकूही धापा टाकत आला.

"उद्या भर दरबारात माझ्याच तोंडून वदवून दाखव, की गावपट्टा बरा," राजा म्हणाला. "पण माझ्या वैद्यांना नावं ठेवायची नाहीत. आणि घाट, नदी, वाट, लांब, दूर, यातला एकही शब्द उच्चारायचा नाही! हरलीस, तर सांबरवाडीला दोन्हींतला एकही पट्टा नाही!"

म्हाकूचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरी, गप बसली असतीस तर? आता गोविंदवैद्यबी गेला हातचा!"

हौसाने बापाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग ती राजाकडे वळली. "म्हाराज, उद्यापुरती तुमची सोन्याची झारी द्या. आन् उद्याचं जेवाण माझ्या हातचं."

"दिलं!" राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भरल्या दरबारात हौसाने ताट मांडलं. ज्वारीची गरम भाकरी, कांदा आणि लवंगी मिरचीचा हिरवागार ठेचा!

"जेवायच्या आधी पाणी निवडा, म्हाराज. सोन्याच्या झारीत वाळ्याचं गार पाणी हाय, खडीसाखर घातल्यालं. न्हाईतर हे मडकं. हिरीचं पाणी, तेबी अर्धंच. एकदा निवडलं की जेवाण हुईस्तोवर बदल न्हाई!"

"हे काय विचारणं झालं? सोन्याची झारी!"

"मग उठवा अंगठा."

राजाने हसत हसत अंगठा उठवला आणि जेवायला बसला. पहिला घास. "वा! फक्कड!" दुसरा घास. राजाचे कान लाल झाले. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या.

"पाणी! पाणी!"

"भरून ठेवलंय की, म्हाराज. खास तुमच्याच नावानं."

"कुठे?"

"त्या टेकडीवर. देवळाच्या पायरीवर. लई ग्वाड पाणी हाय!"

राजाने मडक्याकडे झेप घेतली. हौसाने ते झटकन आपल्याकडे ओढलं.

"हां हां, म्हाराज! अंगठा उठवलाय तुमी!"

"अगं, त्या झारीला काय चाटायचंय? ती तिकडे एवढी लांब, आणि इथे माझा जीव चाललाय! दे ते मडकं! तेच बरं!"

"बरं कुठलं आन् लांब काय, दोनी तुमीच बोलला, म्हाराज," हौसा म्हणाली. "मी न्हाई!" आणि तिने मडकं पुढे सरकवलं.

राजाने ते घटाघटा रिकामं केलं, मिशा पुसल्या, आणि मग असा गडगडून हसला की भालदारांनाही हसू आवरेना. डोळ्यांतलं ठेच्याचं पाणी कुठलं आणि हसण्याचं कुठलं, काही कळेना!

"हरलो, पोरी! हाताशी असलेलं मडकं बरं, तसा गावपट्टाच बरा! प्रधानजी, लिहून घ्या! तीनशे गावांना सांगा, पट्टा केव्हाही बदला. आणि गावपट्टावाल्याचं दुखणं गावात हटेना, तर त्याला सरकारी डोलीतून राजधानीला आणा!" मग तो हौसाकडे वळला. "तुला काय हवं? माग!"

"आमच्या वैद्याला एक तट्टू द्या. पाच वाड्या पायी हिंडतो बिचारा."

"एकच? अगं, दोन ने!"

"वैद्य एक आन् तट्टं दोन? दुसऱ्यावर कोण, माझी शेळी बसंल?" हौसा म्हणाली. "देयाचंच आसंल, तर दुसऱ्यावर वैद्य बसवूनच द्या!"

राजा पुन्हा पोट धरून हसला. मग त्याने आपल्या वीस वैद्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. एकोणीस जणांनी माना खाली घातल्या. विसावा, सगळ्यांत तरुण, आपणहून पुढे आला.

चार दिवसांनी सांबरवाडीच्या वेशीत दोन तट्टं शिरली. एकावर म्हाकू बसला होता आणि हौसा त्याचा लगाम धरून चालत होती. दुसऱ्याच्या मानेला मिठी मारून, डोळे गच्च मिटून, राजवैद्य बसला होता!