पेवाची जागा

एकदा एका राजाच्या मुलखात पावसाचे तंत्रच बिघडले. यायचा तो उशिरा, आणि आला की आठवडा-आठवडा उघडीप द्यायचा नाही. लागोपाठ दोन वर्षे घराघरांतले रब्बीच्या ज्वारीचे बी ओल लागून कुजले, शेते पडीक राहिली. तिसऱ्या वर्षीही बी गेले असते तर दोन-दोन, तीन-तीन बिघे कसणाऱ्या त्या माणसांना गाव सोडण्यावाचून गत्यंतर उरले नसते. राजाने एका वृद्ध आचार्यांना विनंती केली, की धोका कुठे आहे ते तपासा आणि सुरक्षित जागी बियाण्यासाठी पेव, म्हणजे जमिनीखालचे कोठार, खणवून द्या.

आचार्यांनी आपल्या हुशार शिष्याला पुढे धाडले. तो मोजणीची दोरी घेऊन गावात शिरला, आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. दोरी पाहताच गावाची बोलतीच बंद! पाणी कुठवर येते, असे विचारले की एक म्हणे "येतं की", दुसरा म्हणे "छे, कुठलं!" धोंडजी नावाचा शेतकरी सकाळी म्हणाला, माझे वावर बुडते. संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्याच वावरात थेंबभर पाणी साचत नसल्याची त्याने शपथ घेतली.

अट्टल लबाड आहेत झाले, असे शिष्याच्या मनाने घेतले. त्याने स्वतःच मोजमाप केले, सर्वांत उंच टेकाड निवडले आणि पेव खणवले. मग गावाला विचारले, "जागा बरी आहे ना?"

"तुम्ही म्हणाल तसं!" सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या.

इतक्या एकमताने डोलणाऱ्या माना पाहून त्याला शंका आली. हे काहीतरी लपवताहेत खास. पण काय? त्याने आचार्यांना सारे कळवले.

दुसऱ्या दिवशी आचार्य बैलगाडी घेऊन आले. गाडीत आश्रमाचे वर्षाचे सगळे बी होते. गावासमोर ते म्हणाले, "पहिले बी आमचे. आमच्याकडे दुसरे नाही." आणि त्यांनी पोत्याला हात घातला. शिष्य चक्रावला. एवढी घाई कशाला? आपली परीक्षा तर चालली नाही ना?

गाव चुळबुळ करू लागले. पोते पेवाच्या तोंडाशी आले, तेव्हा हौसाबाई नावाची म्हातारी पुढे घुसली. "थांबा महाराज! कुजंल ते!"

"आजी, मग काल का बोलला नाहीत?" शिष्य उसळला.

"तू इचारलंस कुठं, बाबा? खड्डा खणून झाल्यावर 'बरं हाय ना' म्हणालास. आन् मागं अशीच दोरी आली व्हती, तवा आमी खरं सांगितलं. माज्या खालच्या वावरात पानी साचतंय म्हनलं, तर तळं करायचं म्हनून त्ये वावरच घेतलं की!" मग ती पायाखालच्या गवताकडे बोट करून म्हणाली, "ही हराळी चैतातबी हिरवी असती. वरून कोरडं दिसतंय, पन झडीत खालून पाझर फुटतोय."

आचार्यांनी पोते खाली ठेवले. मग काय विचारता! जो तो बोलू लागला, भांडू लागला. दुपारपर्यंत धोंडजीच्या खळ्यामागची मुरमाड जागा ठरली. "माझंच का?" म्हणून तो कुरकुरला. वावर तुझेच राहील, असा शब्द आचार्यांनी साऱ्या गावादेखत दिला, तेव्हा कुठे तो तयार झाला.

परतताना शिष्याला राहवेना. "गुरुजी, पाझर आपल्याला ठाऊक होता ना? हे सारे नाटकच होते?"

"नव्हता ठाऊक."

"मग ती बोलली नसती तर?"

"तर आपले बी कुजले असते आणि आश्रमाचे शेत पडीक राहिले असते," आचार्य शांतपणे म्हणाले. "तू त्यांना लबाड म्हणालास. खरे बोलण्याची किंमत त्यांनी एकदा मोजली आहे, म्हणून ते जपून बोलतात. आणि तू जमिनीची उंची मोजलीस. पण ज्यांच्या अंगावर संकट येणार, त्यांना निर्णय झाल्यावर मान डोलवायला बोलावलेस. चुकलास तरी तुझे काय जाणार होते? ज्याचे काहीच जात नाही, त्याला खरा धोका कोण कशाला सांगेल?"



नवे पेव तयार झाले. लोक बी घेऊन आले, तेव्हा हौसाबाईने ठरल्याच्या निम्मेच आणले. शिष्याने टोपलीत हात घातला. दाणा न् दाणा निवडलेला, टपोरा होता.

"येवढंच," ती त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली. "बाकीचं पुढल्या साली बघू."

उरलेले बी कुठे ठेवले आहे, हे शिष्याने विचारले नाही. त्याने टोपलीला हात लावून ती उतरवून घेतली.