देवासाठी राखलेलं पाणी

एकदा एक गृहिणी होती, व्रतस्थ आणि मनाची सरळ. तिचं नाव मनोरमा. तिने लक्ष तुळशीचा संकल्प केला होता: वर्षभरात आपल्याच परसातल्या तुळशीची एक लाख पानं विष्णूला वाहायची आणि अक्षय्य तृतीयेला सांगता करायची. गावातले वृद्ध शास्त्रीबुवा तिचे गुरू. त्यांच्याच सांगण्यावरून तिने परसात जमिनीखाली हौद बांधून घेतला होता. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून त्यात उतरे आणि बागेसाठी हातपंपाने वर येई. आत ऊन आणि डास शिरू नयेत म्हणून हौदाच्या तोंडावर फरशी बसवून ती सिमेंटने पक्की केली होती. बुवांनी तेव्हा एकच नेम घालून दिला होता, "रोज पाच कळशा उपसायच्या. बागेला नको असल्या तर शेजारी दे. पण खंड पाडू नकोस."

कार्तिकापर्यंत तिने नेम पाळला. मग नळाला चार दिवसांआड पाणी येऊ लागलं आणि मनात धास्ती शिरली. उन्हाळ्यात तुळस जळाली तर? व्रत मोडलं तर? तिने पंपाच्या दांड्याला सुतळी गुंडाळली, हळदकुंकू वाहिलं आणि घरात सांगून टाकलं, "हे पाणी आता देवाचं. मी सोडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." शेजारच्या बाई सायलीच्या वेलासाठी कळशीभर मागायला आल्या, त्यांनाही तिने हात जोडले. तुळशीला मात्र नळाचं पाणी पुरवून पुरवून घालत राहिली.

चैत्र तापला आणि नळ आठवड्यावर गेला. सांगतेला आठ दिवस उरले होते, पानं उरली होती दोन हजारांवर, आणि त्या सकाळी तुळशीच्या रांगाच्या रांगा माना टाकून उभ्या होत्या. मनोरमेने नमस्कार करून सुतळी सोडली आणि दांडा दाबला.

खड्, खड्. नुसती हवा. वरून तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, तेही खाली निघून गेलं. शंभर वेळा दांडा मारला. तळहात सोलवटले, पण तोटीतून थेंब नाही.

"अहो, पाणी येत नाहीये हो!"

तिचे यजमान गजाननराव बाहेर आले. त्यांनी वाकून फरशीवर मूठ आपटली, खालून भरल्या पाण्याचा जड आवाज आला. "हौद तर काठोकाठ आहे. देवाचं पाणी ना? मग देवालाच सांग आता आत उतरायला."

"थट्टा नका करू. दुपारपर्यंत ही झाडं राहायची नाहीत."

तिचा चेहरा पाहून ते वरमले आणि पहार घेऊन आले. "फरशीच फोडतो. बादल्यांनी उपसू."

पहारीचा पहिला घाव बसायच्या आत फाटकातून बुवा आले. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ त्या फरशीवर मांडी घालून बसले.

"उठा बुवा, पाय सांभाळा," गजाननराव म्हणाले.

"मी उठत नाही. फरशी फोडलीत की खडी पाण्यात आणि पाणी उघड्यावर. चार दिवसांत अळ्या होतील. पंप खोला. आणि मनोरमे, वाटीभर तिळाचं तेल आण."

"तिळाचं तेल फक्त नंदादीपाचं आहे, बुवा."

"तेच आण."

गजाननरावांनी पान्याने पंप खोलला. आतून दट्ट्या निघाला. त्याच्या टोकाची चामड्याची टोपी वाळून, आकसून सुपारीसारखी कडक झाली होती. बुवा ती वाटीत घालायला निघाले, तशी तेलाची वाटी घेऊन उभी असलेली मनोरमा दचकून मागे सरली.

"चामडं? देवाच्या तेलात?"

"देवळातल्या मृदंगाचं तोंड कशाचं असतं गं?"

तिने वाटी पुढे केली.

मग सुरू झालं वाट पाहणं. सूर्य डोक्यावर आला. मनोरमेने झाडांवर आपली दोन लुगडी ताणून बांधली, घरातलं पिण्याचं उरलंसुरलं पाणी वाटीवाटीने मुळाशी घातलं. शेवटची रांग तिच्या डोळ्यांदेखत काळी पडली. बुवा सावलीत बसून चामडं बोटांनी मळत होते, पुन्हा तेलात सोडत होते.

"चिरलं तर नाही ना, बुवा?"

"अजून तरी नाही."

उन्हं कलल्यावर त्यांनी टोपी दट्ट्याला बसवली. तेलाने फुगून ती नळकांड्याला घट्ट लागली. मनोरमेने दांडा धरला. एक हिसका गेला, दुसराही कोरडाच गेला. तिने डोळे मिटले. तिसऱ्याला हाताला वजन लागलं, आतून उसासा आल्यासारखा आवाज झाला आणि तोटीतून आधी गंजाचं लालसर, मग स्वच्छ पाणी धो धो पडू लागलं.

झाडं भिजवून झाल्यावर ती बुवांपुढे बसली. "माझं काय चुकलं? मी एक थेंबसुद्धा वाया घालवला नव्हता."

"पाणी तू जिवापाड राखलंस. ते वर आणणारं चामडं मात्र कोरडं पडू दिलंस," बुवा शांतपणे म्हणाले. "ते रोज भिजलं तरच मऊ राहतं आणि पाणी धरतं. पाच कळशा मी झाडांसाठी नव्हत्या सांगितल्या, ह्या टोपीसाठी सांगितल्या होत्या. माणसाचंही असंच आहे, बाळ. वर्षभर कुणाला घोटभर दिलं नाही आणि एका दिवशी देवाला भरभरून द्यायला गेलं, की दांडा हलतो, आवाज होतो, आत काठोकाठ असतं, पण हातात काही येत नाही. नेम सांगताना मी कारण सांगितलं नाही. तेवढी चूक माझी."

एक रांग गेली ती गेलीच. बाकीच्यांनी दोन दिवसांत माना वर केल्या. अक्षय्य तृतीयेला दुपारी बाराच्या आत शेवटचं पान वाहून झालं. लाख भरले. मनोरमेच्या डोळ्यांना धार लागली.

संध्याकाळी ती पुन्हा हातात पाणी घेऊन देवापुढे बसलेली गजाननरावांनी पाहिली.

"आता कसला संकल्प?"

"रोज घरातून काहीतरी बाहेर जाईल, एवढाच."

"आणि ह्याची सांगता कधी?"

तिने ताम्हनात पाणी सोडलं. "ह्याला सांगता नाही," ती म्हणाली.