‘इतर’च्या आत

“पण सर, मग सगळ्यात वर ठेवायचं काय?”

मी आमटीची वाटी वाळिंबे सरांच्या टेबलावर ठेवली आणि निघायचं सोडून स्टुलावर बसले. शेजारीण आहे, एवढा हक्क असतो.

विचारणारा कौस्तुभ. तंत्रनिकेतनात सरांच्या हाताखाली शिकलेला, आता पुण्यात मोठ्या पगारावर. लोक बोलून निरोप पाठवतात ते एक अ‍ॅप त्याची कंपनी बनवते. त्यातल्या सेटिंगचा सगळा कारभार ह्याच्याकडे. कुठलं बटण कुठे बसवायचं, हा ठरवणार. ह्याची मांडणी लोकांच्या फोनांत आलीच होती; उद्या ती आणखी सुधारून साहेबांपुढे ठेवायची, म्हणून आधी सरांना दाखवायला आला होता.

“आधी नुसता बाजार होता, सर. मी सगळं एका पानात बसवलं. लोक रोज वापरतात ते वर. बाकीचं ‘इतर’मध्ये.”

“आणि ‘इतर’मध्ये कोण जातं?”

“कुणीच नाही,” तो हसला. “तीच तर गंमत आहे.”

सर हसले नाहीत.

वाळिंबेवहिनी श्रावणात गेल्या. शेवटी शेवटी आतल्या खोलीत पडून असत, हाक बाहेरपर्यंत पोचत नसे. म्हणून ह्याच कौस्तुभनं दोघांच्या फोनांत ते अ‍ॅप घालून दिलं. वहिनी आतून बोलायच्या, सर बाहेर ऐकायचे. “अहो, कुंदाची वाटी रिकामी पाठवू नका,” म्हणजे माझी. “अहो, गॅस बंद केला का बघा.” दुसरं काय बोलणार.

त्या गेल्यावर सर तेच निरोप दिवेलागणीला लावून बसत. भिंतीपलीकडे मलाही ऐकू यायचे.

मग ते एकेक करून नाहीसे व्हायला लागले. आधी जुने, मग त्यांच्या पुढचे. जागा अडू नये म्हणून अ‍ॅप आपणच पुसतं म्हणे. ते थांबवायचं बटण आम्ही दोघांनी शोधून पाहिलं. सरांना काचबिंदू, आणि मी सातवी शिकलेली. दुसऱ्या कुणाला दाखवू या म्हटलं, तर सर म्हणाले, नको, तिचा आवाज आहे त्यात. कौस्तुभला मात्र फोन केला होता. तो म्हणाला, “सोपं आहे, सर. सेटिंगमध्ये जा, दिसेलच.”

काल एकच उरला होता. गॅसचा.

“चष्मा काढ,” सर म्हणाले.

“काय, सर?”

“चष्मा. दे इकडे.”

कौस्तुभचा चष्मा म्हणजे बाटलीचं बूड; त्याच्याशिवाय जवळची अक्षरं दिसत नाहीत. त्यानं काढून दिला. सरांनी तो मिटून मुठीत धरला आणि आपला फोन त्याच्या हातात ठेवला.

“निरोप पुसणं थांबव.”

“हे तर मीच...” त्यानं फोन हातभर लांब धरला. बोट फिरवलं. परत फिरवलं. मध्येच कॅमेरा उघडला.

“वर गेलास रे, खाली बघ,” मी म्हटलं. जसं काही मला ठाऊक.

“अक्षरं बारीक आहेत, काकू.”

“मग मोठी कर,” सर म्हणाले.

“होतात, सर. त्याची सोय आहे.”

“कुठे?”

“‘इतर’मध्ये.”

बाहेर कुणाचा तरी कुकर वाजला. सरांनी मूठ उघडली नाही.

बऱ्याच वेळानं चष्मा परत दिला. कौस्तुभनं तो घातला आणि त्याचं बोट झरझर चाललं. ‘इतर’, त्याच्या आत ‘साठवण’, त्याच्याही आत आणखी काहीतरी.

“झालं, सर. आता यापुढचा एकही निरोप पुसला जाणार नाही.”

मग त्यानं निरोपांचं पान उघडलं. बोट तिथंच राहिलं.

“सर... ह्यात तर काहीच...”

“सकाळी गेला.”

सकाळी मी दूध द्यायला आले होते. मला बोलले नाहीत.

“परत नाही का रे आणता येत?” मी विचारलं. “वहिनींच्या फोनात असेल.”

“दोन्हीकडचे एकदमच जातात, काकू.” तो सरांकडे वळला. “सर, मी... मी तेव्हाच यायला हवं होतं.”

“यापुढचे राहतील म्हणालास ना?”

“हो, सर.”

सरांनी फोन चाचपून त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्याच तोंडाशी धरला.

“मग बोल.”

“काय बोलू, सर?”

“गॅस बंद केला का बघा, म्हण.”